कायदा कोणाचे हात बांधतो?

(नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

मी कापसाच्या मुलखातला, तुम्ही कांद्याच्या. स्वतंत्र समाजात सरकारनं काय करावं आणि कुठे थांबावं, यावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. हा प्रश्न मला पुस्तकात भेटण्याच्या कितीतरी आधी एका कापूस खरेदी केंद्राच्या फाटकाशी भेटला. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तिथूनच सुरुवात करतो.

साल १९८४. यवतमाळ जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती, पैनगंगेपासून फार लांब नाही. वेचणी झाली की कापूस घरात यायचा. पडवीत कापूस, माजघरात कापूस, आम्ही भावंडं त्याच्यावरच झोपायचो आणि सगळ्यांच्या अंगाला खाज सुटायची. एका रात्री वडिलांनी गाडी भरली, बैल जुंपले आणि मला सोबत घेतलं. पहाटे केंद्रावर पोचलो तर आमच्या पुढे गाड्यांची रांग गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेलेली. दोन रात्री आम्ही गाडीखाली झोपलो. तिसऱ्या दिवशी दुपारी नंबर लागला. ग्रेडरनं गाडीत हात घातला, मूठभर कापूस ओढला, बोटांनी उकलून पाहिला आणि चिठ्ठीवर खालची प्रत लिहिली. शेजारच्या गाडीत आमच्याच बांधाला लागून असलेल्या शेतातला कापूस होता. त्याला वरची प्रत मिळाली होती. वडिलांनी ते दाखवून दिलं. ग्रेडर म्हणाला, “पटत नसेल तर गाडी परत न्या.” आवाजात राग नव्हता. दिवसभर तो हेच वाक्य म्हणत असावा.

वडील म्हणाले, “नेऊ तं कुठी नेऊ, साहेब?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण ते कायद्यानंच काढून घेतलं होतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७१ साली कच्च्या कापसाचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणतो. व्यापारी मापात मारायचे, कडता कापायचे, उचल देऊन पिकाच्या आधीच भाव बांधून घ्यायचे. सरकार म्हणालं, कापूस आम्ही घेऊ, हमीभाव देऊ, आणि विकून वर काही उरलं तर तेही शेतकऱ्यात वाटू. काही वर्षं तसं झालंही. सुरुवातीला आमच्या गावात लोकांनी या योजनेचं स्वागतच केलं होतं. आमचे आजोबाही त्यात होते.

पण त्या कायद्यात दुसरंही एक वाक्य होतं. महाराष्ट्रातला कापूस या योजनेबाहेर कोणी घ्यायचा नाही आणि शेतकऱ्यानं कोणाला द्यायचा नाही. हे वाक्य नसतं तर ती योजना म्हणजे बाजारातलं आणखी एक गिऱ्हाईक झालं असतं, आणि तेही भक्कम गिऱ्हाईक. व्यापाऱ्याला त्याच्याशी स्पर्धा करावी लागली असती. ग्रेडरला ‘परत न्या’ म्हणण्याआधी विचार करावा लागला असता. ते एक वाक्य घातलं आणि आधार देणारा हात मनगट धरून बसला.

चुकारे हप्त्याहप्त्यानं यायचे, कधी महिनोन्‌महिने यायचे नाहीत. तोवर घर चालवायला आणि पुढच्या पेरणीला वडील गावातल्या सावकाराकडून पैसे उचलायचे. ज्याच्या तावडीतून सोडवायला योजना आली होती, त्याच्याच दारात आम्ही उभे राहायचो. पैनगंगेपलीकडे तेव्हा आंध्र प्रदेश होता, आदिलाबादचा बाजार होता. नदीच्या दोन्ही काठांना माती तीच, कापूस तोच. पलीकडचा शेतकरी चार दुकानं फिरून विकायचा. अलीकडच्यानं स्वतःच्या शेतातला कापूस स्वतःच्या गाडीत घालून नदी ओलांडली तर तो गुन्हा होता. तरी लोक रात्री ओलांडायचे. माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी चोरी केली नाही. पण स्वतःचाच कापूस नदीपार नेताना त्यांनी गाडीचा कंदील विझवलेला मी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. माणसाला स्वतःच्याच घामाची लाज वाटायला लावणारा कायदा चांगल्या हेतूनंसुद्धा होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

ही मक्तेदारी एकूण जवळजवळ तीस वर्षं टिकली. योजनेवर तोट्याचा डोंगर साचला आणि २००२ नंतर खाजगी खरेदीला वाट मिळाली.

आता दुसरी गोष्ट. कापसाची योजना सुरू झाली त्याच वर्षी, १९७२ ला, महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. माझी मावशी परभणी जिल्ह्यात दिलेली. ती सांगायची, रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली, पोरांना सुकडी मिळायची, आणि सगळा गाव खडी फोडायला जायचा. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. एवढ्या मोठ्या अवर्षणात १९४३ च्या बंगालसारखे भूकबळी महाराष्ट्रात पडले नाहीत, याचं मोठं श्रेय त्या कामांना आहे.

या कल्पनेच्या मागे वि. स. पागे होते, विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांनी तिचा छोटा प्रयोग आधी करून पाहिला होता. दुष्काळात ती राज्यभर गेली, आणि १९७७ साली विधिमंडळानं तिचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याच रोजगार हमीच्या धर्तीवर पुढे २००५ साली देशाचा कायदा झाला.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा एका गोष्टीनं थबकलो. आपल्याकडे सरकारकडे काही मागायचं म्हणजे ‘विनंती अर्ज’ असतो. ‘मायबाप सरकार’ असं लिहून, खाली ‘आपला नम्र’ म्हणून सही किंवा अंगठा. माझ्या वकिलीत असे अर्ज मी स्वतः शेकड्यांनी लिहून दिलेत. रोजगार हमीत मात्र मजूर विनंती करत नाही, मागणी करतो. मागणी नोंदली की तिची तारीख पडते. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, आणि हे बंधन तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांवर. अडाणी, भूमिहीन बाईच्या हातात तारीख घातलेली पोच असते आणि त्या कागदानं सरकार बांधलं जातं. प्रत्यक्षात पोच द्यायला टाळाटाळ होते, हजेरीपत्रकात खोटी नावं घुसतात, भत्ता क्वचितच मिळतो. हे सगळं खरं आहे. पण ही टाळाटाळ का होते? त्या कागदाला धार आहे म्हणूनच.

एकाच विधिमंडळानं एकाच दशकात हे दोन कायदे केले. दोन्हींच्या मागे कळवळा होता, दोन्ही गरिबांसाठी होते, दोन्हींत सरकार मोठं होतं. एकानं सरकारचे हात बांधले. दुसऱ्यानं माझ्या वडिलांचे.

आज मला मुख्यतः हेच सांगायचंय. सरकार मोठं असावं की छोटं, हा वाद मी चाळीस वर्षं ऐकतो आहे. डावे म्हणतात वाढवा, उजवे म्हणतात कापा. मला तो वाद चुकीच्या मोजपट्टीनं चाललेला वाटतो. कुठलाही कायदा, कुठलीही योजना समोर आली की आधी विचारायचं, यात हात कोणाचे बांधले जाताहेत? आणि ज्याचे बांधले जाताहेत त्यानं कोणाचं काय वाईट केलं आहे?

तुम्ही म्हणाल, मग कायद्यानं नागरिकाचे हात कधीच बांधायचे नाहीत का? बांधायचे. कुठे बांधायचे, ते महाडनं आपल्याला शिकवलं आहे. ही गोष्ट मी थोडी सावकाश सांगणार आहे, कारण सरकारनं बाजूला व्हावं असं म्हणणारी आमच्यासारखी माणसं ती फार घाईनं ओलांडतात.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशानं बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सरकारची आडकाठी संपली होती. कोणताही सरकारी नियम दलितांना पाणी घ्यायला मना करत नव्हता. तरीही तीन वर्षं त्या तळ्याला एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही. अडवत होता समाज. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाडच्या परिषदेला त्यांच्यासोबत आलेले लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्यानंतर देवळात घुसणार आहेत अशी आवई उठवून परिषदेला आलेल्या लोकांना रस्त्यांत आणि मुक्कामाच्या जागी घुसून मारलं गेलं. तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात लोक पुन्हा जमले तेव्हा कोर्टाचा मनाईहुकूम आडवा आला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल दलितांच्या बाजूनं लागायला मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीभर पाण्यासाठी दहा वर्षं.

इथे सरकारनं नुसतं बाजूला होऊन काय झालं? बलवानाला रान मोकळं मिळालं. १९२३ च्या ठरावानं कोणालाच बांधलं नव्हतं. अडवणाऱ्याला शिक्षा नव्हती, नगरपालिकेला जाब नव्हता. संविधानानं ती गाठ मारली. कलम १५ मध्ये विहिरी, तळी, रस्ते, हॉटेलं खुली केली आणि कलम १७ नं अस्पृश्यता नुसती निंद्य न ठरवता गुन्हा ठरवली. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यानं त्याला शिक्षा जोडली. या कायद्यानं नागरिकांचे हात बांधले, आणि ते बांधायलाच हवे होते, कारण ते हात दुसऱ्याच्या मानेवर होते.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा मी ऋणी आहे. चाकणच्या कांद्यापासून त्यांनी जे उभं केलं त्यामुळे माझ्या पिढीतल्या शेतकऱ्याच्या पोरांना स्वतःच्या दारिद्र्याचं गणित समजलं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा देत मी कॉलेजच्या दिवसांत सभांना गेलो आहे. पण सरकार हाच शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू, त्याला हटवा म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी महाडची आठवण करून देतो. गावातल्या बाजारात दलिताच्या कोंबडीला आणि पाटलाच्या कोंबडीला एकच भाव मिळायचा तर मागे कायद्याचा दंडा लागतो. स्वातंत्र्य आपोआप उगवत नाही. तण मात्र आपोआप उगवतं.

त्याच १९५५ साली देशात आणखी एक कायदा झाला. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा. आता आपण तुमच्या दारात आलो.

या कायद्यानं वस्तूंचा साठा, वाहतूक, विक्री यांवर हवं तेव्हा बंधन घालण्याचा अधिकार सरकारला दिला. १९७६ साली, आणीबाणीत, तो संविधानाच्या नवव्या परिशिष्टात टाकला गेला. हे परिशिष्ट मुळात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीतून आलं. त्यातल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात आव्हान देता येऊ नये, ही त्यामागची योजना. सुरुवातीला १३ कायदे होते, पुढे ती संख्या पावणेतीनशेच्या वर गेली. त्यात कसेल त्याला जमीन देणारे कूळकायदेही होते, आणि जमीनदारांनी ते कोर्टात अडकवून ठेवले असते ही भीती खोटी नव्हती. ते मी मान्य करतो. पण एका चांगल्या कामासाठी कोर्टाचं दार बंद केलं आणि नंतर त्या बंद दारामागे हवं ते ठेवायची सवय लागली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, की २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात गेलेले कायदे संविधानाच्या मूळ चौकटीवर, म्हणजे संसदेलाही न बदलता येणाऱ्या गाभ्यावर, तपासता येतील. दार किलकिलं झालं आहे. पण त्यातून आत जायला लागणारा पैसा आणि वर्षं कोणत्या शेतकऱ्याकडे आहेत?

निर्यातबंदीचा अधिकार वेगळ्या कायद्यातून येतो, १९९२ च्या परकीय व्यापार कायद्यातून. त्यासाठी संसदेत चर्चा लागत नाही, एक अधिसूचना पुरते. गेल्या काही वर्षांचा हिशेब मी तारखांसह लिहून आणला आहे. २९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याची निर्यात बंद, सोबत साठ्यावर मर्यादा, किरकोळ व्यापाऱ्याला १०० क्विंटल आणि घाऊकला ५००. मार्च २०२० मध्ये बंदी उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी. त्या वेळी बंदरात कंटेनर आणि बांगलादेशच्या सीमेवर ट्रक अडकून पडले, आतला कांदा सडला. १ जानेवारी २०२१ ला बंदी उठली. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबर २०२३ ला पूर्ण बंदी. ४ मे २०२४ ला ती उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं.

या तारखा तुम्हाला माझ्याहून चांगल्या माहीत आहेत. माझा प्रश्न त्यांच्यातल्या अंतराबद्दल आहे. कांद्याचं रोप टाकण्यापासून माल लिलावात यायला चार-पाच महिने लागतात. उन्हाळ कांदा चाळीत घातला तर आणखी चार-पाच महिने, त्यात घट आणि सड वेगळी. म्हणजे तुम्ही निर्णय घेता तो आठ-दहा महिन्यांचा, आणि तो एका रात्रीत फिरवला जातो. आज तुम्ही लागवड करताना पुढच्या हंगामात निर्यात चालू असेल की बंद, हे सांगू शकणारा माणूस या सभागृहात नाही. अशा अनिश्चिततेत शहाणपणानं शेती करणंच अशक्य होतं. लहरी पावसाला विमा असतो. लहरी अधिसूचनेला नाही.

यात दुखावणारी गोष्ट अशी. सरकारला तुमच्या जमिनीचा एक गुंठा रस्त्यासाठी हवा असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे नोटीस द्यावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात, मोबदला आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते. तो कायदाही नीट पाळला जातो असं नाही, पण निदान भांडायला जागा आहे. त्याच जमिनीत पिकलेल्या कांद्याचा भाव एका अधिसूचनेनं खाली आणला तर नोटीस नाही, सुनावणी नाही, मोबदला नाही. संविधानाचं कलम २६५ सांगतं, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही. निर्यातबंदीनं क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले तर ते हजार रुपये गेले कुठे? शहरातल्या ग्राहकाच्या पिशवीत गेले, थोडे मधल्याच्या खिशात. हा कर आहे. तो एकाच पिकाच्या शेतकऱ्याकडून घेतला जातो, आणि त्याला कर म्हटलं जात नाही म्हणून कोणाला उत्तरही द्यावं लागत नाही.

आता शहरातल्या गरिबाचं काय? मुंबईत रोजंदारीवर राबणाऱ्या बाईला ८० रुपये किलोचा कांदा परवडत नाही. तिची काळजी करणं हे सरकारचं काम आहे, आणि ते काम नाही असं म्हणणाऱ्याशी माझं जमणार नाही. पण तिची काळजी सगळ्या समाजानं मिळून घ्यायची. रोजगार हमीसाठी महाराष्ट्रानं हेच केलं होतं. १९७५ साली व्यवसाय कर लावला, पगारदारांकडून, व्यावसायिकांकडून पैसे घेतले आणि खेड्यातल्या मजुराला काम दिलं. मीही वकील म्हणून तो कर भरतो आणि आनंदानं भरतो. कांदा महाग झाला तर सरकारनं बाजारभावानं विकत घ्यावा आणि गरिबाला स्वस्तात द्यावा, किंवा तिच्या खात्यात पैसे टाकावेत. त्याचा बोजा अर्थसंकल्पात दिसेल, विधिमंडळात आणि संसदेत त्यावर चर्चा होईल. भाव स्थिर ठेवण्यासाठी केंद्र सरकार कांद्याचा राखीव साठा करतं. त्यात दोष पुष्कळ आहेत, ऐन हंगामात तो बाजारात ओतला की भाव पडतात, हे मला माहीत आहे. तरी बंदीपेक्षा तो बरा. निदान तिथे सरकार गिऱ्हाईक म्हणून येतं आणि पैसे मोजतं.

बंदीनं भाव पाडायचा आणि मग निवडणुकीच्या आधी कर्जमाफी द्यायची, हे आपण २००८ पासून वारंवार पाहिलं. कर्जमाफीची मला लाज वाटत नाही, ज्या भावाचं नुकसान केलं त्याची ती अपुरी भरपाई आहे. पण हात बांधून तोंडात घास भरवणं म्हणजे मायबापपण नव्हे. ज्याच्या हाताला बळ आहे त्याला स्वतः जेवू द्यावं.

आणि जिथे सरकार खरोखर हवं असतं, तिथे ते का दिसत नाही? माझी सगळी वकिली दिवाणी कोर्टात गेली. बांधावरचं भांडण, वाटणी, मोजणी, वहिवाटीचा रस्ता. माझ्याकडच्या एका दाव्यात आजोबांनी फिर्याद लावली, वडिलांनी साक्ष दिली आणि आता नातू तारखेला येतो. देशात ५ कोटींहून जास्त खटले पडून आहेत. माल घेऊन पैसे न देता गायब झालेला व्यापारी तुमच्यातल्या किती जणांनी पाहिला आहे? (सभागृहात बरेच हात वर झाले.) बघा. त्याला पकडून पैसे वसूल करून देणं हे सरकारचं अगदी पहिलं काम. माप बरोबर ठेवणं, करार पाळायला लावणं, दुबळ्याला धाकातून सोडवणं, निकाल वेळेत देणं. ही कामं दुसरं कोणी करू शकत नाही. तिथे पदं रिकामी आहेत, कोर्टात टंकलेखक नाही, मोजणीच्या तारखेला महिनोन्‌महिने लागतात. आणि कांद्याच्या किती गोण्या गुदामात आहेत हे मोजायला मात्र पथक दुसऱ्या दिवशी हजर होतं. माझ्या मते हद्द ओलांडलेल्या सरकारची हीच खूण. नको तिथे हात घालतं, म्हणून हवं तिथे त्याला हात उरत नाही.

आयोजकांनी मला सांगितलं होतं की श्रोते शेवटी विचारतील, मग करायचं काय. म्हणून मी एक मसुदा करून आणला आहे, एकाच कलमाचा. वाचून दाखवतो.

‘शेतमालाच्या निर्यातीवर किंवा साठ्यावर बंधन घालणारी कोणतीही अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ९० दिवसांनीच अमलात येईल. त्याहून लवकर अमलात आणायची झाल्यास, अधिसूचनेच्या आधीच्या ३० दिवसांचा सरासरी भाव आणि शेतकऱ्याला प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक शासन विक्रीच्या तारखेपासून ३० दिवसांत शेतकऱ्याच्या खात्यात जमा करील. न केल्यास त्यावर व्याज देईल. अशी प्रत्येक अधिसूचना संसदेपुढे ठेवली जाईल आणि ६० दिवसांत मंजूर न झाल्यास आपोआप रद्द होईल.’

यात सरकारचा अधिकार काढून घेतलेला नाही. उद्या खरंच युद्ध झालं, दुष्काळ पडला, तर सरकार आजच्या आज बंदी घालू शकेल. फक्त त्याची किंमत सरकारला मोजावी लागेल, आणि किंमत मोजावी लागली की माणूस विचार करतो. पुरावा म्हणून लिलावानंतर मिळणारी तुमची हिशेबपट्टी पुरेल. तिच्यावर तारीख असते, वजन असतं, भाव असतो. रोजगार हमीच्या मजुराच्या हातात जशी तारखेची पोच, तशी ही तुमच्या हातात.

एक अडचण मात्र मला सुटलेली नाही. तुमच्यातले कितीतरी जण बाजार समितीपर्यंत जातच नाहीत, शेतातच व्यापाऱ्याला माल देतात. भाड्याला पैसे नसतात, उचल घेतलेली असते. त्यांच्याकडे पट्टी नसते. आणि सगळ्यात जास्त मार त्यांनाच बसतो. त्यांना या कलमात कसं आणायचं, याचा मी महिनाभर विचार करतो आहे. सात-बारावरच्या पीकपेऱ्यावरून अंदाज काढावा तर पीकपेरा किती खरा असतो हे तुम्ही जाणता. दाराशी टेबलावर मसुद्याच्या प्रती ठेवल्या आहेत. समास रुंद सोडला आहे. ज्यांनी शेतात माल विकला आहे त्यांनी आधी लिहा.